क्लेमेंट हेलिवेल म्हणजे मी

“नाव तुझंच राहणार आहे रे, क्लेम. फक्त वाजवणार दुसरा.”

बॅराक्लफ मास्तर हे असं म्हणाले, जसं काही मला पावाला लोणी लावून देतायत.

“मग जेवायलाही त्यालाच पाठवा माझ्या नावाने,” मी म्हटलं. “आणि सोमवारी पहाटे गिरणीचा भोंगा झाला की त्यालाच उठवा.”

“आवाज खाली.”

“का? इथं कुणाला काय ऐकू जातंय?”

आणि खरंच जात नव्हतं. काचमहाल म्हणजे दक्षिणेतली ती छपरासकट काचेची अवाढव्य इमारत; तिथं स्पर्धेच्या दिवशी प्रत्येक पुतळ्याच्या पायाशी एक बँड बसलेला असतो. स्टेजखेरीज कुठे वाजवायचं नाही असा नियम आहे, आणि तो कुणी म्हणजे कुणी पाळत नाही. आमच्या वाट्याला यंदा प्लॅस्टरचा एक राजा आला होता. गुडघ्यांवर हात ठेवून बसलेला, चार माणसांएवढा उंच. त्याच्या पायाच्या अंगठ्यावर आमचे मांस भरलेले पाव मांडले होते, दोन पावलांच्या मधे ढोल ठेवला होता, आणि त्याच ढोलाच्या आडोशाला उभं करून मास्तर माझं नाव दुसऱ्याला देत होते.

आमचा बँड म्हणजे थॉर्नशॉ गिरणीचा बँड. मास्तर गिरणीत साचेखात्याचे, म्हणजे मागांच्या खात्याचे, जॉबर आहेत, सगळ्यांवरचे मुकादम; मी त्याच खात्यात सगळ्या मागांना सुताच्या कांड्या पोचवतो. शाळेत मी होतो, पण एकदा गुरुजींनी पाटी माझ्या डोक्यावर फोडली आणि मी उरलेली चौकट त्यांच्या गळ्यात घातली, तेव्हापासून शाळेचा आणि माझा संबंध संपला. कॉर्नेट मात्र, ते बिगुलासारखं छोटं पितळी वाद्य, मी तोंडाला लावला तो सोडलेला नाही. वसंतात जुने वाजवणारे विल्सन आजोबा दमले, तेव्हा पहिली खुर्ची मला मिळाली. सोळाव्या वर्षी. यॉर्कशायरमधे असं पोरांना कुणी देत नाही. मास्तरांनीच दिली होती, हेही सांगायला पाहिजे.

“गेल्या वर्षी काय झालं विसरलास?” मास्तर म्हणाले.

“गेल्या वर्षी मी वाजवलं नव्हतं.”

“म्हणूनच सांगतोय. विल्सनसारखा मुरलेला माणूस तिथं बुडाला. एकट्याने वाजवायची जागा आली, त्याने सूर सोडला, तो छपराला जाऊन परत आला, आणि सगळा बँड त्या परत आलेल्या सुराबरोबर आत शिरला. अर्धे इकडे, अर्धे तिकडे. लोक हसले. मालक पहिल्या रांगेत बसले होते, क्लेम. आमच्याकडे बघितलं नाही त्यांनी वर्षभर.”

“मग मी त्या परत आलेल्या सुराकडे लक्ष देणार नाही.”

“सगळे असंच म्हणतात.”

“एकदा वाजवू तर द्या!”

“इथं एकदाच असतं, पोरा. म्हणून तर पिकल्सना आणलंय.”

पिकल्स तेवढ्यात राजाच्या पोटरीमागून बाहेर आले. ऑर्लँडो पिकल्स. उत्तरेतल्या सगळ्या बँडवाल्यांना हे नाव माहीत आहे, आणि म्हणूनच ते त्यांना वापरता येत नव्हतं. स्पर्धेत ज्याच्या त्याच्या बँडचाच माणूस वाजवू शकतो, उसना आणला आणि सापडला तर बँड बाद. परीक्षकांना काही दिसत नाही, त्यांना गॅलरीत लाल कापडाच्या खोक्यात बंद करून ठेवतात, जेवणसुद्धा आतच. म्हणजे कुणाचे गाल फुगले ते परीक्षकांना कळणार नाही. कळलं तर फक्त सह्या घेणाऱ्या कारकुनाला, आणि आजूबाजूला टपून बसलेल्या बाकीच्या बँडवाल्यांना.

पिकल्सच्या अंगात माझा कोट होता.

तो सकाळीच माझ्याकडून इस्त्रीला म्हणून घेतला होता. बाह्या त्यांच्या कोपराखाली जेमतेम येत होत्या. पोटावरचं बटण असं ताणलं होतं, की ते सुटलं तर कुणाचा तरी डोळा गेला असता. मिशी त्यांनी ओळखू येऊ नये म्हणून गाडीतच काढली होती आणि ओठावर वस्तरा लागला होता तिथं तीन ठिकाणी कागदाचे कपटे चिकटवले होते.

“मनाला लावून घेऊ नकोस, पोरा,” ते म्हणाले. “मी आजवर किती जणांच्या नावाने वाजवलंय मलाच आठवत नाही. एकदा तर ज्याच्या नावाने वाजवत होतो त्याची सासू येऊन मला भेटली. घरी पैसे का देत नाही म्हणून सगळ्यांसमोर झापलं मला. मी निमूट ऐकून घेतलं. धंदा आहे.”

“पिकल्स, ते राहू दे. पाठ म्हणून दाखवा,” मास्तर म्हणाले. “कारकून विचारेल, काम काय करतोस?”

“कांड्या पोचवतो.”

“कुठं?”

“साचेखात्यात. थॉर्नशॉ गिरणी.” मग पिकल्स जरा वाकून म्हणाले, “पण बॅराक्लफ, कांडी म्हणजे नक्की काय असतं हो?”

मला हसू आलं आणि त्याच वेळी राजाचा अंगठा लाथेने तोडावासा वाटला. मी त्यांच्या हाताकडे बघितलं. गोरेपान हात, नखं गोल कापलेली. माझ्या बोटांवर सुताने कापलेल्या रेघा आहेत, त्यात तेल बसलंय, ते आता धुतलं तरी जात नाही. या हातांनी हा माणूस क्लेमेंट हेलिवेल होणार होता.

“मामा,” मी म्हटलं, “तुम्ही काहीच बोलणार नाही?”

एनॉक मामा म्हणजे माझ्या आईचे भाऊ. मी त्यांच्याच घरात वाढलो, कॉर्नेट त्यांनीच शिकवला. ते स्वतः युफोनियम वाजवतात, तान्ह्या पोराला घेतल्यासारखं पितळेचं धूड छातीशी धरून. ते समोरच राजाच्या दुसऱ्या पावलावर बसले होते आणि रुमालाने त्या धुडाचं तोंड पुसत होते. केव्हाचे पुसत होते.

त्यांनी मान वर केली आणि नुसते ओठ हलवले. आवाज नाही. *गप्प बस. बँड मोठा आहे.*

आमच्याकडे सगळे असंच बोलतात. साचेखात्यात शेकडो माग एकदम चालतात, तिथं ओरडून काही उपयोग नसतो, म्हणून माणसं ओठांनी बोलतात आणि डोळ्यांनी ऐकतात. बायका तर खात्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लग्नं जुळवतात. मीही ओठांनीच मामांना उत्तर दिलं. काय ते इथं सांगत नाही. ढोलवाल्याने ते वाचलं आणि तोंडातला चहा बाहेर काढला.

“हे बघ, क्लेम,” मास्तर म्हणाले, आणि त्यांनी माझ्या हातात एक संत्रं ठेवलं. “बागेत जा. ते जुन्या काळच्या राक्षसी प्राण्यांचे पुतळे बघ. पलीकडच्या हॉलमधे मांजरांचं प्रदर्शन आहे म्हणे. आमचं झालं की चहाच्या दुकानापाशी भेटू.”

संत्रं! मी काय सहा वर्षांचा होतो?

मी ते संत्रं राजाच्या पावलावर ठेवलं आणि निघालो. कोट गेला होता, टोपी गेली होती. कॉर्नेट तेवढा माझ्या काखेत राहिला होता, कारण पिकल्स स्वतःचा आणतात आणि त्यामुळे माझा मागायचं कुणाला सुचलंच नाही.

बागेत गेलो नाही. मांजरं बघायलाही गेलो नाही. नुसत्या शर्टावर आणि खांद्यांवरच्या गॅलिसवर मधल्या मोठ्या दालनात फिरत राहिलो. तिथं तर नुसती जत्रा. कारंज्याच्या कठड्यावर बायका बूट काढून पाय चोळत बसलेल्या. कोळशाच्या खाणीतले दोन बँड कुठल्या पुतळीला कपडे कमी आहेत यावरून वाद घालत होते. एक आजीबाई टोपलीतून ओटकेक विकत होत्या आणि प्रत्येकाला म्हणत होत्या, “तुमचाच नंबर येणार, मेल्यांनो, घ्या.” दर शनिवारी इथे वेगळी माणसं येतात, कधी कोट घालून गाणं ऐकायला येणारी, कधी कुत्री घेऊन. पण आजचा दिवस आमचा असतो. आज कुणी आम्हाला पाय पुसून आत या म्हणत नाही.

आणि आजच्याच दिवशी मला माझ्या माणसांनी बाहेर काढलं होतं.

स्टेजवर एक वेल्श बँड चढला होता. मी खांबाला टेकून ऐकायला लागलो. आमचीच धून, सगळ्यांना तीच असते. मधे सगळी वाद्यं थांबतात, कॉर्नेट एकटा चढत जातो, वर एका सुरावर उभा राहतो, आणि तो खाली उतरला की बाकीचे आत येतात. एवढीच ती जागा. त्यांचा कॉर्नेटवाला चांगला होता, माझ्याहून चांगला. त्याने सूर सोडला. तो काचेला लागला, छपराखाली फिरला आणि थोडा मागे पडून परत आला. आणि मी बघितलं, सगळा बँड मान वर करून छपराकडे बघत होता. सगळेच्या सगळे. खालचा सूर खरा की वरचा, हे ऐकून ठरवत होते. अर्ध्यांनी खालचा धरला, अर्ध्यांनी वरचा. झालं. पुढचं सगळं गाडी रुळावरून उतरल्यासारखं.

लोक हसले नाहीत. त्या बिचाऱ्यांची तोंडं बघून कुणाला हसवलं नसतं.

पण माझ्या डोक्यात एक गोष्ट चमकली आणि मी खांबापासून सरळ उभा राहिलो. हे सगळे ऐकत होते. म्हणून बुडाले. आम्ही गिरणीत ऐकतो का कधी? ऐकत बसलो असतो तर कधीच कुणाचा हात मागात गेला असता. आम्ही बघतो. तिथं कुणी छपराकडे बघितलं तर जॉबर कानाखाली वाजवतो, आणि तो जॉबर म्हणजे बॅराक्लफ मास्तरच. आणि इथं आले की त्याच माणसाला वाटतं, आता आपण संगीतकार झालो, आता कान लावला पाहिजे!

मला हे पिकल्सना सांगता आलं असतं. मास्तरांना तर नक्कीच. पण खरं सांगायचं तर सांगावंसं वाटलंच नाही. जागा माझी होती. मीच वाजवणार होतो.

पुढचा बँड आमचाच होता, चिठ्ठीत तसं निघालं होतं. मी स्टेजच्या पायऱ्यांपाशी गेलो. तिथं टेबल टाकून कारकून बसला होता, पेपरमिंट चघळत.

“थॉर्नशॉ गिरणी,” मी म्हटलं. “मी आधी सही करतो.”

“एवढी घाई?”

“सगळे आले की तुम्हालाच गर्दी होईल.”

त्याला ते पटलं. “नाव?”

“क्लेमेंट हेलिवेल.”

“काम?”

“साचेखात्यात कांड्या पोचवतो.”

त्याने माझ्या हाताकडे बघितलं. मग गॅलिसकडे. “कोट कुठंय?”

“मागून येतोय,” मी म्हटलं. खोटं काहीच नव्हतं त्यात.

माझं अक्षर म्हणजे कोंबडीने पाय ओढल्यासारखं. पण इतकं दाबून मी कधी काही लिहिलं नव्हतं. खालच्या पानावरही उमटलं असेल.

एवढ्यात आमचे आले. पुढे मास्तर, मागे रांग, मधे पिकल्स, पोट आत ओढून. मास्तरांनी मला बघितलं आणि त्यांचा एक पाय वरच्या वर थांबला.

“तू इथं काय करतोयस?”

“सही.”

मागून लोक एकेक करून सह्या करायला लागले, कारण कारकून बोटाने टेबल वाजवत होता. मास्तर काही बोलू शकत नव्हते. चारी बाजूंनी बाकीचे बँड कान टवकारून उभे. मग पिकल्सचा नंबर आला.

“नाव?”

“क्लेमेंट हेलि...”

मास्तरांनी त्यांच्या पायावर पाय दिला. कारकुनाने पेपरमिंट एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. “हेलिवेलची सही झालीय. दोन आहेत का?”

मी पिकल्सकडे बघत होतो. वाटलं होतं, चिडतील. पण त्यांनी माझ्याकडे एकदा असं बघितलं, जसं विकत घ्यायच्या घोड्याकडे बघतात, आणि हसले.

“छे, एकच आहे,” ते म्हणाले. “मी त्याचा कोट आणून द्यायला आलो होतो.” आणि तिथल्या तिथे कोट काढून त्यांनी माझ्या अंगात घातला. बटण लावताना कानाशी म्हणाले, “वरचा सूर ढकलू नकोस. त्याच्यावर बस.” आणि गर्दीत गेले. धंदा आहे म्हणाले होते ते. पण हे काही धंद्यातलं नव्हतं.

पायऱ्या चढताना मास्तर माझ्या मानेमागे होते. “चुकलास तर पायी घरी ये,” ते दात आवळून म्हणाले. “आणि आलास तरी माझ्या खात्यात पाऊल टाकू नकोस.”

“चुकलो तर,” मी म्हटलं.

स्टेजवर आम्ही चौकोन करून उभे राहतो, तोंडं आतल्या बाजूला, मास्तर मधे. त्यामुळे माझ्या बरोब्बर समोर मामा आले. मी त्यांच्याकडे बघितलं आणि ओठांनी म्हटलं, *छपराकडे बघू नका. कुणीच नाही. माझ्याकडे बघा. सांगा पुढे.*

त्यांनी भुवया आवळल्या. युफोनियमवरचा त्यांचा हात हलला नाही. मला वाटलं, आता परत गप्प बस म्हणणार. मग त्यांनी मान वळवली आणि शेजारच्या ट्रॉम्बोनवाल्याला ओठांनी काहीतरी म्हटलं. त्याने त्याच्या शेजाऱ्याला. आमच्या बँडमधे सगळे गिरणीचेच. चौकोनभर ओठ हललेले मी बघितले, आवाज जराही नाही. मास्तर कागद लावत होते, त्यांना कळलंच नाही.

लाल खोक्यातून घंटा वाजली. सुरू केलं.

पहिलं सगळं मला आठवत नाही. एवढंच आठवतं की आवाज वर जात होता आणि आमच्यातलं कुणीही वर बघत नव्हतं. मग सगळे थांबले. माझी जागा.

मी चढायला लागलो. पहिलाच सूर जरा फुटला. फुटलाच, लपवत नाही. मास्तरांचे डोळे मिटले. आणि मला असा संताप आला म्हणून सांगू, स्वतःचा, त्यांचा, त्या संत्र्याचा, की पुढचे सूर मी पायऱ्या चढल्यासारखे न चढता त्यांच्यावर पाय आपटत गेलो. माझा फुटका सूर छपराला फिरून परत आला आणि माझ्या कानात शिरला. मी त्याला आत घेतलं नाही. समोर मामा वाद्यावरून तोंड काढून मोजत होते. ओठांनी. एक. दोन. तीन. घरी स्वयंपाकघरात उभं करून शिकवताना मोजायचे तसं, भुवया उचलून.

वरचा सूर आला. मी त्याच्यावर बसलो. कागदावर लिहिलंय त्याहून जास्त बसलो. मास्तरांची काठी खाली आली, मी उतरलो नाही. ती परत वर गेली. सगळा चौकोन माझ्याकडे बघत होता, एकही मान वर नाही, आणि माझा मागचा आवाज वर एकटाच फिरत होता, त्याला विचारणारं कुणी नव्हतं. मग मी मामांना डोळ्यांनी हो म्हटलं आणि उतरलो. ते सगळे एकदम आत आले. एकदम. माग सुरू करताना पट्टा ओढल्यावर येतात तसे.

संपलं. मग ती कोळसेखाणीतली माणसं टोप्या फेकायला लागली, आणि ती ओटकेकवाली आजी कठड्यावर उभी राहून ओरडली, “मी म्हटलं नव्हतं, मेल्यांनो?” सकाळपासून सगळ्यांनाच म्हणत होती.

आम्ही खाली उतरतो न उतरतो तोच एक जाडजूड माणूस आडवा आला. रॅव्हन्सक्लिफ बँडचे सेक्रेटरी, टर्टन नाव. त्याने माझ्याकडे बोट केलं आणि कारकुनाला म्हणाला, “माझी हरकत आहे. हा पोरगा उसना आहे.”

“कोण?” मास्तर म्हणाले. “हा?”

“हा! सगळ्यांच्या आधी एकटा आला. अंगात बँडचा कोट नाही. दुसऱ्या एका माणसाने सगळ्यांदेखत स्वतःचा कोट काढून याला घातला. मी या डोळ्यांनी बघितलंय. आणि काय म्हणतो, कांड्या पोचवतो! कांड्या वाहणारा पोरगा असं वाजवतो? दुसऱ्या कुणाला तरी गंडवा, बॅराक्लफ.”

मी त्याला मारायला पुढे झालो होतो, आणि अर्ध्यातच माझा हात खाली आला. एवढी शाबासकी मला जन्मात कुणी दिली नव्हती.

पण हरकत घेतली की चौकशी होते. ऑर्गनच्या मागे कमिटीची खोली आहे, तिथं एकेकाला बोलावतात. तोवर निकाल अडकून राहतो. आत्ता मी त्याच खोलीबाहेरच्या बाकावर बसलोय. एका बाजूला मामा, दुसऱ्या बाजूला मास्तर. आत टर्टनचा आवाज चढतोय.

मास्तर आल्यापासून कुजबुजतायत. “क्लेम, सोपं आहे. विचारतील, कोट त्याच्या अंगात का होता. तू म्हण, तो माझा मावसभाऊ. थंडी वाजत होती म्हणून घातला.”

“मला मावसभाऊ नाही.”

“आज असू दे.”

“सकाळी मीच नको होतो. आता भाऊसुद्धा हवा?”

“अरे, खरं सांगितलंस तर बँड बाद होईल! दोन वर्षं बंदी. हे सगळे... तुझा मामा...” ते मामांकडे वळले. “एनॉक, तुझं ऐकतो तो. सांग त्याला.”

मामांनी युफोनियम बाकाखाली सरकवलं. मग म्हणाले, “पिकल्सला मी आणला नाही, मास्तर. पण सकाळी गप्प बसलो. आता नाही बसत. पोरगा काय सांगायचं ते सांगेल. मी त्याच्या शेजारी उभा राहीन आणि हा माझ्या बहिणीचा मुलगा आहे एवढं म्हणेन.”

“आणि बंदी आली तर?”

“तर स्वयंपाकघरात वाजवू. तिथं छप्पर खालीच आहे.”

मास्तरांनी टोपी काढली. घामाने त्यांचे केस कपाळाला चिकटले होते. जॉबर असून ते एवढे लहान मी कधी बघितले नव्हते. मला वाईट वाटलं. थोडंसं. पण त्यांनी सकाळी माझं नाव द्यायच्या आधी मला विचारलं नव्हतं, आणि आता परत मागतायत तेही एका खोट्यासाठी.

“मास्तर,” मी म्हटलं, “मी आत जाऊन नाव सांगणार. हात दाखवणार. वाजवून दाखव म्हणाले तर वाजवणार, पहिला सूरसुद्धा फोडणार नाही या वेळी. कोट कुणाच्या अंगात होता विचारलं, तर कुणाच्या ते सांगणार. का होता विचारलं, तर ते तुम्ही सांगायचं. मी तुमच्या वतीने एक शब्द बोलणार नाही. चांगलाही नाही, वाईटही नाही.”

“हे असलं कुणी शिकवलं तुला?”

“तुम्हीच शिकवलंत. सकाळी.”

दार उघडलंय. पेपरमिंटवाला कारकून बाहेर डोकावून विचारतोय, हेलिवेल कोण. मास्तर माझ्या बाहीला धरतायत. मामा उठलेत.

बाही सोडा, मास्तर. मला बोलावलंय, मला आता जायला हवं.